तिच्यासारखी दुसरी: क्लोनिंग, शोक आणि तासाभराचं एक नाटक

(मंडळाच्या एडिंबरातल्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना झालेली विषयांतरं थोडी छाटली आहेत, सगळी नाहीत.)



मागच्या बैठकीनंतर चहा पिताना मी सहज म्हणाले, की विज्ञाननाट्यात क्लोनिंग कसं येतं यावर कुणीतरी बोलायला हवं. आपल्याकडे जो सुचवतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, त्यामुळे आज मी उभी आहे. मी पेशींवर संशोधन करते. नाटकातलं मला तिकीट काढून बसणाऱ्या कुठल्याही माणसाइतकंच कळतं. तेव्हा ही नाट्यसमीक्षा नाही, हे आधीच सांगून टाकते.

सुरुवात डॉलीपासून केली पाहिजे, कारण ती आपली शेजारीण. चेंबर्स स्ट्रीटवरच्या म्युझियममध्ये काचेच्या पेटीत पेंढा भरून ठेवलेली डॉली आपल्या सगळ्यांच्या मुलांनी शाळेच्या सहलीत पाहिली आहे. ती जन्मली ५ जुलै १९९६ ला, इथून जेमतेम सात-आठ मैलांवर, रॉस्लिन इन्स्टिट्यूटमध्ये. बातमी जगाला कळली फेब्रुवारी १९९७ मध्ये. इयन विल्मट, कीथ कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या एका फिन डॉर्सेट मेंढीच्या स्तनातली पेशी घेतली, केंद्रक काढून टाकलेल्या बीजांडाशी तिचा संयोग केला, आणि त्यातून वाढलेला भ्रूण दुसऱ्या मेंढीच्या गर्भाशयात ठेवला. असे २७७ प्रयत्न झाले. त्यातून २९ भ्रूण मेंढ्यांच्या पोटात ठेवण्याजोगे निघाले, ते १३ मेंढ्यांमध्ये ठेवले गेले, आणि कोकरू जन्मलं एक.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जिच्यापासून डॉली झाली ती मूळ मेंढी डॉलीच्या जन्माआधीच मेलेली होती. तिच्या पेशी तेवढ्या गोठवून ठेवलेल्या होत्या. म्हणजे जगातलं हे सर्वांत गाजलेलं क्लोनिंग एका मेलेल्या जिवाचं होतं. त्या मेंढीसाठी कुणी रडलं नव्हतं, एवढाच फरक.

मी तेव्हा सांगलीला अकरावीत होते. पेपरात पहिल्या पानावर मेंढीचा फोटो. आई तांदूळ निवडत बसली होती. तिनं विचारलं, "हे मेलेल्या मेंढीपासनं केलंय का गं?" मी नुकतंच बायॉलॉजी घेतलं होतं, तेव्हा उत्साहाला पूर आलेला. मी तिला केंद्रक, डीएनए, सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग माणसाचं पण होईल?" मी म्हटलं, "होईल की दहा-वीस वर्षांत." मग ताटातला एक खडा बाजूला काढत तिनं विचारलं, "त्याला काय लागतं? केस चालतात?"

मी म्हटलं, "केस नाही चालत. जिवंत पेशी लागते. केस मेलेले असतात."

"बरं," म्हणाली, आणि तांदूळ धुवायला उठली.

उत्तर बरोबर होतं. परीक्षेत दोन मार्क मिळाले असते.

माझ्या जन्माआधी तीन वर्षं माझी मोठी बहीण गेली. पाच वर्षांची होती. दोन दिवस ताप, मग मान कडक झाली, तालुक्याच्या गावाहून सांगलीला नेईपर्यंत संपलं होतं. आज मी तिला मेंदूज्वर म्हणून ओळखते. घरात त्याला "तो ताप" म्हणत. तिचं जावळ काढलं तेव्हा रीतीप्रमाणे ते नदीत सोडायचं होतं. आईनं आजीला न सांगता त्यातले थोडे केस रुमालात बांधून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. डबा कपाटात खणाच्या चोळ्यांखाली असायचा. मला तो माहीत होता. तरीही त्या दिवशी केसांचा प्रश्न आणि तो डबा यांची सांगड माझ्या डोक्यात पडली नाही. ती पडली चारेक महिन्यांनी, एस.टी.त, कॉलेजला जाताना. तोवर काही बोलायची वेळ गेली होती. खरं सांगायचं तर वेळ गेली नव्हती, मला जमलं नाही.

आजीच्या लेखी क्लोनिंग १९८० सालीच झालेलं होतं. माझ्या डाव्या खांद्यावर तीळ निघाला. बहिणीच्याही डाव्या खांद्यावर होता म्हणे. "आली गं बाई परत," असं आजी म्हणाली, आणि विषय संपला. तिचे फ्रॉक मी घातले. तिला छकुली म्हणत, मलाही छकुली म्हणू लागले. तिला शिकरण आवडायची म्हणून मला शिकरण आवडते, असं धरून चालले. मला शिकरण आवडत नाही. हे मी घरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि पीएच.डी.च्या अर्जांवर सह्या करत होते. आपल्या मंडळात पुनर्जन्मावर टीका करायला कुणाला निमंत्रण लागत नाही, मलाही लागत नाही. पण आजीच्या पद्धतीत २७७ प्रयत्न आणि १३ मेंढ्या लागत नव्हत्या हे कबूल करायला हवं!

आणखी एक आठवण. मी पाच वर्षांची झाले त्या वर्षी आई मला जराही नजरेआड होऊ देत नसे. साधं पडसं झालं तरी डॉक्टर. सहावं लागलं आणि हळूहळू सगळं सैल झालं. भीती ओसरली हे एक कारण. दुसरं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. सहा वर्षांची ती कुणालाच माहीत नव्हती. तिथून पुढे मला कशाशी ताडून बघायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तिथून मी मोकळी झाले.

मानसशास्त्रात याला नाव आहे. १९६४ मध्ये अल्बर्ट केन आणि बार्बरा केन या दोघांनी गेलेल्या मुलाच्या जागी जन्माला घातलेल्या मुलांवर एक निबंध लिहिला. तेव्हापासून बदली मूल ही कल्पना रूढ झाली. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं. ३० मार्च १८५२ ला त्याच्या आईला मृत मुलगा झाला, त्याचं नाव व्हिन्सेंट ठेवलं. बरोबर एक वर्षानं, ३० मार्च १८५३ ला, दुसरा मुलगा झाला, त्याचंही नाव व्हिन्सेंट. वडील पाद्री होते. त्यांच्या चर्चच्या आवारातच त्या पहिल्या मुलाचं थडगं होतं. म्हणजे लहानपणी हा मुलगा येता-जाता स्वतःचं नाव कोरलेला दगड बघत होता. यावरून त्याच्या पुढच्या आजाराचं स्पष्टीकरण देणारे लोक आहेत. मी देणार नाही, कारण अशा लाखो मुलांनी काही कान कापून घेतले नाहीत.

आता नाटक. कॅरिल चर्चिल यांचं 'अ नंबर' लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये सप्टेंबर २००२ मध्ये आलं. दिग्दर्शक स्टीफन डाल्ड्री. बाप मायकेल गॅम्बन, मुलगे डॅनियल क्रेग. मुलगे असं मी मुद्दाम म्हणते, कारण एकच नट तिघांची कामं करतो. रंगमंचावर माणसं दोन. नाटक तासाभराचं. मी ते पाहिलं वीस वर्षांनी, २०२२ च्या फेब्रुवारीत, ओल्ड व्हिकला. तेव्हा बाप झाला होता लेनी जेम्स आणि मुलगे पापा एसिडू. काम लंडनला होतं, संध्याकाळ मोकळी होती, तिकीट मिळालं.

गोष्ट अशी. बर्नार्ड नावाच्या पस्तिशीच्या माणसाला हॉस्पिटलात कळतं की आपल्यासारखे आणखी काहीजण आहेत, वीसेक असावेत. तो बापाला, सॉल्टरला, विचारतो. बाप आधी टाळतो, मग वकिलाची भाषा करतो, खटला भरू, नुकसानभरपाई मागू. मग सांगतो की तुझी आई आणि आमचा चार वर्षांचा मुलगा मोटारीच्या अपघातात गेले. मला तोच परत हवा होता, म्हणून त्याच्यापासून तुला करून घेतलं. वाढीव प्रती त्या शास्त्रज्ञानं परस्पर काढल्या.

प्रेक्षागृहात त्या क्षणी सगळ्यांचा सूर बदलतो. मला तो बदल जाणवला, माझाही बदलला. बिचारा बाप, असं वाटतं. एवढं दुःख, कुणीही केलं असतं.

पुढच्या प्रवेशात कळतं की हे खोटं आहे. पहिला मुलगा मेलेला नाहीच. तो जिवंत आहे, चाळिशीला आला आहे, आणि समोर उभा आहे. आईनं रेल्वेखाली जीव दिला होता. बाप दारूत बुडालेला. लहान पोर रात्री अंधारात हाका मारायचं, कुणी यायचं नाही. शेवटी त्याला जमेना तेव्हा त्यानं त्या पोराला देऊन टाकलं, आणि त्याच्याच पेशीपासून एक कोरा मुलगा करून घेतला. पहिल्यापासून सुरू करायला. दुसऱ्या खेपेला तो चांगला बाप झाला, हे नाटकातलं सर्वांत अवघड सत्य. खरोखर चांगला झाला. दारू सोडली, मुलाला वाढवलं. आणि पहिल्याला जे मिळालं नाही ते दुसऱ्याला, तंतोतंत त्याच्यासारख्याच दुसऱ्याला, मिळालं. पुढे पहिला दुसऱ्याला ठार मारतो आणि स्वतःही मरतो.

मी त्या नाटकावरचं बरंच काही वाचलं आहे. बहुतेक ठिकाणी चर्चा निसर्ग की संगोपन, मी म्हणजे कोण, यावर असते. ती ठीकच आहे. पण मला घरी परतताना गाडीत डाचत राहिलं ते वेगळं होतं. खोटं बोलायचं ठरवल्यावर सॉल्टर कुठलं खोटं निवडतो? शोकाचं. कारण त्याला ठाऊक आहे की ते कारण कुणी खोडून काढणार नाही. मूल गेलेल्या बापाला उलटतपासणी कोण घेणार?

बाहेरच्या जगातही हेच झालेलं आहे. २००१ च्या मार्चमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीसमोर मानवी क्लोनिंगवर साक्षी झाल्या. तिथे क्लोनेड नावाच्या संस्थेच्या ब्रिजिट ब्वासलिए यांनी एका बापाचं पत्र वाचून दाखवलं. त्याचा दहा महिन्यांचा मुलगा हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर गेला होता आणि त्याला तो क्लोनिंगनं परत हवा होता. त्यानं त्या संस्थेला पैसेही दिले होते. क्लोनेड ही परग्रहवासीयांनी माणूस घडवला असं मानणाऱ्या राएलियन पंथाची संस्था. २००२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी पहिली क्लोन मुलगी जन्मल्याचं जाहीर केलं, नाव ईव्ह. पुरावा कधीच दिला नाही. तो बाप तोवर त्यांच्यापासून दूर झाला होता. मला तो माणूस मूर्ख वाटत नाही. त्यानं माझ्या आईचाच प्रश्न विचारला, आणि त्याला उत्तर द्यायला अकरावीतली मुलगी नव्हती, एक दुकान होतं.

सिनेमावाल्यांनी हा बाजार बरोबर ओळखला. २००४ चा 'गॉडसेंड' पाहा, किंवा नका पाहू, वाईट आहे. आठ वर्षांचा मुलगा अपघातात जातो, रॉबर्ट डी नीरो डॉक्टर होऊन येतो आणि आईवडिलांना तोच मुलगा पुन्हा देतो. आठव्या वर्षापर्यंत सगळं छान. मूळ मुलगा ज्या वयात गेला ते वय ओलांडलं की दुसऱ्याला भयानक स्वप्नं पडू लागतात. मग पुढे डॉक्टरचा कट वगैरे, नेहमीचा मसाला. पण ती एक कल्पना, की मेलेल्याचं वय ओलांडलं की काहीतरी सुटतं, तिच्यात त्यांना नकळत खरं सापडलं होतं. त्यांनी त्याचं भूत केलं. माझ्या बाबतीत तिथेच भूत उतरलं होतं.

आता थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय मला चैन पडत नाही.

टेक्सासमध्ये २२ डिसेंबर २००१ ला एक मांजरी जन्मली, पहिली क्लोन मांजर, नाव सीसी. मूळ मांजरी रेनबो, अंगावर काळे, नारिंगी आणि पांढरे डाग. सीसीच्या अंगावर नारिंगी कुठेच नाही! असं का? मांजरात नारिंगी-काळ्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीत एक्स दोन असतात आणि भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या काळात प्रत्येक पेशी त्यातला एक गपगार करून टाकते. कुठली पेशी कुठला बंद करणार हे नशिबावर. सीसी ज्या पेशीपासून झाली तिच्यात नारिंगीवाला एक्स बंद होता, आणि तो बंदच राहिला. उरलेल्या पांढऱ्याची मांडणीही वाढ होताना रंगपेशी कुठवर पोचतात त्यावर ठरते. म्हणजे जनुकं शंभर टक्के तीच, आणि कातडीवरच फरक दिसला. सीसी छान जगली, १८ वर्षांची होऊन २०२० मध्ये गेली. मला विचाराल तर क्लोनिंगच्या नीतिमत्तेवरचं सर्वांत उत्तम व्याख्यान त्या मांजरीनं दिलेलं आहे.

आपल्या ओळखीची जुळी मुलं घ्या. ती एका बीजांडातली, एकाच पोटात, एकाच घरात, एकाच काळात वाढलेली. क्लोनला यातलं काहीच मिळत नाही. बीजांड परक्याचं, त्यामुळे मायटोकाँड्रियाही परका. गर्भ वेगळा, काळ वेगळा. माझी बहीण १९९७ मध्ये पुन्हा जन्मली असती तर तिला मोबाइल फोन मिळाला असता, एकत्र कुटुंब मिळालं नसतं, आणि तिशीतली आई न मिळता पन्नाशीला टेकलेली आई मिळाली असती. गेलेलं माणूस म्हणजे त्याच्या पेशी नव्हेत. ते आपल्याबरोबर घालवलेले ठरावीक दिवस असतं, ते दिवस कुठल्या केंद्रकात नाहीत.

दुसरा मुद्दा हिशेबाचा. २०१८ च्या जानेवारीत शांघायच्या शास्त्रज्ञांनी दोन क्लोन माकडं जाहीर केली, झोंग झोंग आणि हुआ हुआ. गर्भाच्या पेशींपासून ७९ भ्रूण तयार करून २१ माद्यांच्या पोटात ठेवले, सहा गरोदर राहिल्या, दोन पिल्लं जगली. त्याच प्रयोगात प्रौढ माकडाच्या पेशी वापरून १८१ भ्रूण ४२ माद्यांमध्ये ठेवले. २२ गरोदर राहिल्या, दोन पिल्लं जन्मली आणि लगेच मेली. गेलेलं मूल परत हवं असलेल्या आईबापांना लागू पडतो तो गर्भाच्या पेशींचा प्रयोग नव्हे, हा दुसरा. बेचाळीसच्या जागी बायका ठेवून बघा. गर्भपात मोजा. बीजांडं कुणाच्या अंगातून काढली ते विचारा.

नाटक-सिनेमात हा हिशेब कधीच नसतो. 'अ नंबर' मध्ये तर रंगमंचावर एकही बाई नाही. ज्यांनी ती वीसेक मुलं पोटात वाढवली त्यांचा साधा उल्लेखसुद्धा नाही. चर्चिल यांच्यासारख्या स्त्रीवादी लेखिकेकडून हे चुकून झालं असेल असं मला वाटत नाही. बाप आणि मुलगे एकमेकांना घडवल्याबद्दल भांडतात, आणि घडवणारीचं नाव निघत नाही. हे आपल्याला खटकायला हवं. मला पहिल्यांदा पाहताना खटकलं नाही, संहिता वाचताना खटकलं. माझ्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईच्याही ते सहज नजरेतून सुटतं, हे नमूद करते.

आणि 'फ्रँकेनस्टाइन' लिहिणारी मेरी शेली? तिची पहिली मुलगी वेळेआधी जन्मली आणि १८१५ च्या मार्चमध्ये दोन आठवड्यांची असताना गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिनं रोजनिशीत लिहून ठेवलं की मला स्वप्न पडलं, बाळ फक्त गारठलं होतं, शेगडीपाशी चोळल्यावर जिवंत झालं. पुढच्याच वर्षी तिनं ती कादंबरी लिहायला घेतली. मेलेल्याला जिवंत करणाऱ्या शास्त्रज्ञाची सगळी गोष्ट अशी एका अठराही पूर्ण न झालेल्या आईच्या स्वप्नाशेजारी उभी आहे, आणि शाळेत आपल्याला शिकवतात की ती विज्ञानाच्या उद्दामपणाची गोष्ट आहे.

उद्दामपणावरून आठवलं. 'देवाच्या कामात ढवळाढवळ' हा आक्षेप मला पटत नाही. देवीची लसही ढवळाढवळच होती. टेस्ट-ट्यूब बेबीच्या वेळी, १९७८ मध्ये, हेच बोललं गेलं, आणि आज या खोलीत त्या तंत्रानं झालेली मुलं खेळत आहेत. कायद्यानं बघायचं तर ब्रिटननं डिसेंबर २००१ मध्ये घाईघाईनं मानवी क्लोन जन्माला घालण्यावर बंदी आणली, दहा वर्षांपर्यंत कैद. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी एक जाहीरनामा केला, तो बंधनकारक नाही. भारतात आय.सी.एम.आर.च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मनाई आहे. अमेरिकेत आजही देशभर लागू असा बंदीचा कायदा नाही. बंदीच्या बाजूनं मी हात वर करीन, पण वर सांगितलेल्या त्या बेचाळीस माद्यांमुळे, देवामुळे नव्हे.

आता मला माझ्याच बाजूनं अडचणीत टाकणारा प्रश्न. समजा, पुढेमागे हे सुरक्षित झालं. एकही गर्भपात नाही, एकही आजारी मूल नाही. मग? नेहमीचं उत्तर असं, की अशा मुलावर अन्याय होतो, ते दुसऱ्याच्या जागेवर जन्मतं. पण मीही दुसऱ्याच्या जागेवर जन्मले. आईबाबांना एकच मूल हवं होतं. ती गेली नसती तर मी नसते. मग माझ्यावर अन्याय झाला असं मी कुणाकडे जाऊन म्हणू? मला जगायला आवडतं. शिकरण सोडल्यास माझी फारशी तक्रारही नाही. तेव्हा 'अशा मुलानं जन्मूच नये' हा युक्तिवाद माझ्या तोंडी शोभत नाही, आणि मी तो करणार नाही. मला एवढंच म्हणता येतं, की माझ्या बाबतीत ती समजूत घरातल्या घरात होती. आजी म्हणायची, तिच्याबरोबर गेली. तीळ हा तीळ होता. पण प्रयोगशाळेनं शिक्का मारून दिला असता, पैसे भरलेली पावती असती, तर सहाव्या वर्षी मला कुणी इतक्या सहज सोडलं असतं का? मला शंका आहे.

चर्चिल यांनी शेवटी याचंच काहीतरी केलं आहे. दोन मुलगे गेल्यावर सॉल्टर तिसऱ्याला भेटतो, मायकेल ब्लॅक. गणिताचा शिक्षक, बायको, तीन मुलं. सॉल्टर त्याला खोदून खोदून विचारतो, तुझ्या आत काय आहे ते सांग, काहीतरी खास सांग. तो बिचारा बायकोच्या कानांबद्दल बोलतो, ते त्याला आवडतात. आपण प्रत आहोत हे कळलं तर त्याला गंमत वाटली. सुखी आहे. सॉल्टरला हे सहन होत नाही. त्याला हवं ते या माणसाकडे नाही, कारण याच्याशी त्याचा एकही दिवस गेलेला नाही. लेनी जेम्स त्या प्रवेशात त्या शिक्षकाच्या चेहऱ्याकडे ज्या तऱ्हेनं बघत होता, तसं माझ्याकडे बघितलेलं मला आठवतं. फार नाही, कधीतरी, मी केस विंचरत असताना.

'वूम' (२०१०) मध्ये प्रियकराचा क्लोन स्वतःच्या पोटी वाढवणारी बाई आहे. 'ब्लॅक मिरर' च्या २०१३ च्या भागात मेलेल्या जोडीदाराच्या इ-मेल आणि फोटोंवरून त्याची बोलकी प्रत बनवलेली आहे, आणि शेवटी ती माळ्यावर ठेवून दिली आहे. टाकवत नाही आणि वापरवत नाही. त्यांच्यावर वेगळी बैठक घेता येईल, विशेषतः दुसऱ्यावर, कारण मेलेल्या माणसासारखं बोलणारे प्रोग्राम आता खरोखर विकत मिळतात आणि त्यांना माकडंही लागत नाहीत.

आई २०२१ च्या मे महिन्यात गेली. भारत तेव्हा इथल्या रेड लिस्टवर होता. मी अंत्यविधी फोनवर पाहिला, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी त्या दोन महिन्यांत पाहिला तसा. डिसेंबरमध्ये जाऊन घर आवरलं आणि तो पत्र्याचा डबा घेऊन आले. म्हणजे नाटक पाहिलं तेव्हा डबा माझ्या घरी येऊन दोनच महिने झाले होते, हेही सांगितलं पाहिजे. नाटकाबद्दल मी जे बोलले त्यातलं किती नाटकातलं आणि किती डब्यातलं, ते तुम्हीच ठरवा.

माझं १९९७ चं उत्तर आता पूर्ण बरोबर राहिलेलं नाही. मूळ नसलेल्या केसातूनही डीएनए मिळतो. मायटोकाँड्रियाचा तर चांगलाच, आणि आता केंद्रकातल्या डीएनएचे तुकडेसुद्धा वाचता येतात. जिवंत प्राणी त्यातून होत नाही, तेवढा भाग अजून खरा आहे. लॅबमधल्या एका तरुण सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, करून बघू या का, दोन आठवड्यांचं काम. मी नको म्हटलं. मायटोकाँड्रिया आईकडूनच येतो, त्यामुळे एक उत्तर मला यंत्राशिवायच माहीत आहे. तिचा, माझा आणि आईचा तो एकच असणार. बाकीचं वाचून मला काय कळणार होतं, तिला शिकरण का आवडायची?

डबा बैठकीच्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर आहे. माझ्या मुलीनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, तुझ्या मावशीचे केस आहेत. ती म्हणाली, मावशी किती वर्षांची? मी म्हटलं, पाच. ती स्वतः तेव्हा नऊ वर्षांची होती, तिला ते भलतंच मजेशीर वाटलं.

असो. वेळ संपत आली. एक सूचना आहे. 'अ नंबर' ची संहिता जेमतेम साठ-सत्तर पानांची असेल. पुढच्या महिन्यात चर्चेऐवजी तिचं वाचन करावं असं मला वाटतं. दोनच माणसं लागतात. मुलग्यांसाठी एक नाव माझ्याकडे आलेलं आहे. बापाच्या कामाला अजून कुणी तयार नाही. चहाच्या वेळी मला येऊन सांगा.